स्वाइन फ्लूने आयसीयूत गेलेला पेशंट: २००९ च्या साथीत काय दिसलं आणि आता डॉक्टरांना काय विचारायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, बीपी नाही, शुगर नाही, वजन थोडं जास्त, पाच दिवस ताप-खोकला अंगावर काढला, सहाव्या दिवशी धाप लागली म्हणून अ‍ॅडमिट केलं, आता आयसीयूत तोंडावर घट्ट मास्क लावून मशीनवर आहे, घशाचा पहिला स्वॅब निगेटिव्ह आला तरी डॉक्टर स्वाइन फ्लूच धरून टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूच्या व्हायरसवरचं औषध, देतायत. आणि तुम्हाला विचारायचंय की एवढ्या धडधाकट माणसाला हे झालंच कसं, २००९ च्या साथीत असे जे अ‍ॅडमिट झाले त्यांचं पुढे काय झालं, आणि आता आत जाऊन डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं. मी पुण्यात आयसीयूत काम करतो, २००९ ला पण इथेच होतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या बाबतीत तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्यापेक्षा वरचढ धरा.

आधी टक्क्यांचं बोलू, कारण तुम्ही कुठेतरी '४० टक्के मरतात' असं वाचलंय आणि रात्रभर झोपला नाहीत असं लिहिलंय. तो आकडा खोटा नाहीये, पण तो कुणाचा आहे ते बघा. २००९ च्या मार्च ते मे मध्ये मेक्सिकोत जे अतिगंभीर पेशंट होते, ५८ जण, त्यातले जवळपास सगळे व्हेंटिलेटरवर गेलेले, त्यांच्यात ६० दिवसांत ४१ टक्के गेले. साथीची अगदी सुरुवात, आजार नवा, पेशंट सरासरी सहाव्या दिवशी हॉस्पिटलला पोचत होते, आयसीयूत बेड नाही म्हणून काही जण बाहेरच दगावले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या आयसीयूंत जून ते ऑगस्ट मिळून ७२२ पेशंट होते, त्यातले साधारण दोन तृतीयांश व्हेंटिलेटरवर, आणि तिथे मृत्यू होते १४ टक्क्यांच्या आसपास. कॅनडात १६८ अतिगंभीर पेशंटमध्ये ९० दिवसांपर्यंत १७ टक्के. व्हायरस तोच, वर्ष तेच, आणि ४१ कुठे नि १४ कुठे. आता आयसीयू सोडा, नुसते अ‍ॅडमिट झालेले सगळे धरले तर अमेरिकेत पहिल्या २७२ पेशंटमध्ये एक चतुर्थांश आयसीयूत गेले आणि ७ टक्के दगावले, कॅलिफोर्नियात हजारावर पेशंटमध्ये ११ टक्के. म्हणजे टक्केवारी व्हायरसबद्दल जेवढं सांगते तेवढंच, किंबहुना जास्तच, हे सांगते की पेशंट किती उशिरा पोचले, कुणाला अ‍ॅडमिट केलं आणि पोचल्यावर ऑक्सिजन, नर्स नि मशीन होती का.

आपल्याकडचे आकडे तर याहून जपून वाचावे लागतात. देशात २००९ मध्ये २७ हजारांवर केसेस आणि ९८१ मृत्यू नोंदले गेले, २०१० मध्ये केसेस कमी, २० हजारांच्या थोड्या वर, आणि मृत्यू मात्र १,७६३. भागाकार केला तर साडेतीन टक्क्यांवरून एकदम साडेआठ टक्के. लगेच लोक म्हणाले व्हायरस जास्त जहाल झाला. तसं काही नव्हतं. सुरुवातीला परदेशातून आलेल्याला शिंक आली तरी स्वॅब घेतला जायचा, नंतर सरकारने ठरवलं की साध्या सर्दी-तापाची टेस्टच करायची नाही, फक्त गंभीर असतील त्यांची करायची. मग भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे नोंदलेल्या केसेस, आकसला आणि टक्का फुगला. २०१५ ला परत मोठी लाट आली, ४२ हजारांवर केसेस आणि जवळजवळ तीन हजार मृत्यू, तिथेही हीच गोष्ट. तेव्हा 'स्वाइन फ्लूचा मृत्युदर अमुक टक्के' असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न, कुणाच्या किती टक्के?

तुमच्या भावाला हे आकडे लावायचेच असतील तर तो आयसीयूत आहे पण अजून व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घातलेली नाही, तरुण आहे, दुसरे अवयव तुम्ही लिहिलंय त्यावरून चालू आहेत. अशा पेशंटमधले बरेच जण घरी जातात. खात्री कुणीच देऊ शकत नाही आणि देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण तुम्ही ४० टक्के धरून बसलाय ते चुकीचंय.

आता धडधाकट माणसाला का. हा प्रश्न २००९ ला सगळ्या जगाला पडला होता, कारण नेहमीच्या फ्लूमध्ये हॉस्पिटलात म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं दिसतात. २००९ च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात जो व्हायरस सापडला त्याच्यात डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसाच्या फ्लूच्या जनुकांची सरमिसळ झालेली होती, आणि आपल्या पिढीच्या शरीराने तसं काही बघितलेलंच नव्हतं. पण जे १९५७ च्या आधी जन्मलेले, त्यांच्या लहानपणी १९१८ च्या साथीतल्या व्हायरसचे वंशज फिरत होते, त्यामुळे साठीच्या पुढच्या बऱ्याच लोकांच्या रक्तात थोडीफार उपयोगी पडतील अशा अँटिबॉडी निघाल्या. म्हणून आजोबांना नुसती कणकण आणि नातवाला न्यूमोनिया. त्या कॅलिफोर्नियाच्या पेशंटचं मधलं वय २७ होतं, ऑस्ट्रेलियाच्या आयसीयूत ४०. अर्थात म्हाताऱ्यांना लागण कमी झाली तरी ज्यांना झाली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्तच होतं, हे विसरू नका.

आणि 'काही आजार नाही' हे पण तपासून बघावं लागतं. अमेरिकेतल्या त्या २७२ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश लोकांना काही ना काही आधीचा त्रास होता, दमा, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण. पण याचा अर्थ चारात एक जण अगदी निरोगी होता. शिवाय २००९ ने एक नवीन गोष्ट पुढे आणली ती म्हणजे लठ्ठपणा. तोपर्यंत फ्लूच्या धोक्याच्या यादीत वजन कुणी धरत नव्हतं, ऑस्ट्रेलियाच्या आयसीयूत मात्र चारातल्या एकाहून जास्त पेशंटचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर निघाला. जाड माणूस उताणा झोपला की पोट वर छातीकडे दाबतं, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, त्यात न्यूमोनिया झाला की ऑक्सिजन फार लवकर उतरतो. आपल्याकडे पोट सुटलेला पण 'तब्येत चांगली' म्हणवणारा तिशी-चाळिशीतला माणूस घरोघरी आहे. तो स्वतःला निरोगीच समजतो.

दुसरा गट गरोदर बायकांचा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या ७२२ मध्ये ९ टक्के गरोदर होत्या, आणि लोकसंख्येत गरोदर बायका एखाद टक्काच असतात, हे लक्षात घ्या. शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत धोका सगळ्यात जास्त. त्या काळात आम्ही बघितलेल्या केसेसमध्ये मनाला सगळ्यात जास्त लागलेल्या त्याच. घरचे 'पोटातल्या बाळाला गोळी नको' म्हणून थांबवायचे, आणि धाप लागली तर 'नववा लागलाय, धाप लागायचीच' असं कुणीतरी मोठं माणूस म्हणायचं. गरोदरपणात टॅमीफ्लू देतात, द्यायलाच पाहिजे, आणि गरोदर बाईला ताप असताना धाप लागली तर ती पोटामुळे आहे असं घरी बसून ठरवायचं नाही.

लक्षणांचं सांगायचं तर पहिले तीन दिवस हा आजार इतर कुठल्याही फ्लूसारखाच दिसतो. ताप, खोकला, घसा, अंग मोडून येणं, डोकं धरणं. हॉस्पिटलात आलेल्यांमध्ये ताप ९५ टक्क्यांना, खोकला ९० च्या आसपास, धाप ६० टक्क्यांना, आणि उलट्या किंवा जुलाब जवळजवळ ४० टक्क्यांना. हे उलट्या-जुलाबाचं मुद्दाम सांगतोय कारण मुलांमध्ये त्याने फार फसगत होते, पोट बिघडलंय म्हणून ओआरएस आणि पोटाची औषधं चालू असतात आणि छातीकडे कुणी बघतच नाही. रक्तात पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमी, त्यातल्या लिम्फोसाइट कमी, प्लेटलेट पण थोड्या उतरलेल्या, त्यामुळे पावसाळ्यात आपल्याकडे लगेच डेंग्यूचं नाव निघतं, आणि दोन्ही साथी एकाच महिन्यांत असतात हा तर आपल्या नशिबाचाच भाग आहे. पण डेंग्यूत सुरुवातीपासून एवढा खोकला नसतो. ताप, खोकला आणि पेशी कमी, असं त्रिकूट दिसलं की माझा हात आधी ऑक्सिमीटरकडे जातो.

खरा वळणाचा दिवस चौथा-पाचवा. बहुतेक लोक या दिवशी बरे व्हायला लागतात, ताप उतरतो, भूक लागते. थोडेसे लोक मात्र याच दिवशी घसरतात, आणि घसरतात ते तासांच्या हिशोबात. सकाळी चालत आलेला माणूस रात्री व्हेंटिलेटरवर, हे आम्ही २००९ ला बघितलं, २०१५ ला बघितलं. कोविडमध्ये लोकांना सातव्या ते दहाव्या दिवसाची भीती घालून ठेवलेली होती, तीच मोजणी डोक्यात राहिल्यामुळे आता फ्लूच्या पाचव्या दिवशी लोक निवांत असतात. फ्लूचं घड्याळ पुढे आहे. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप, आणि तापापासून चार-पाच दिवसांत निकाल लागायला सुरुवात.

हे घसरणं दिसतं कसं ते जवळून सांगतो. पेशंट कॉटवर बसलेला असतो, मोबाइल हातात, तुमच्याशी बोलतोय, 'बरंय डॉक्टर, जरा अशक्तपणा आहे' म्हणतोय. पण वाक्य पुरं करत नाही, दोन-तीन शब्द झाले की थांबतो, श्वास घेतो, पुढचे दोन शब्द. मानेचे स्नायू श्वासागणिक उचलले जातायत. शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले की ३४-३६ भरतात, आणि नॉर्मल माणसाचे १२ ते २० असतात. नखं जरा निळसर. ऑक्सिमीटरवर ८४. एक्स-रे काढला तर दोन्ही बाजूंना खालून पांढरे ढग चढत आलेले, आणि सकाळचा एक्स-रे नि संध्याकाळचा एक्स-रे शेजारी लावला तर एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसत नाही. तरुण माणसाचं हृदय नि स्नायू दणकट असतात म्हणून तो हे तासन् तास ओढून नेतो, चेहऱ्यावर फारसं दाखवत नाही, आणि मग एकदम थकतो. म्हणून तरुण पेशंटच्या 'बरं वाटतंय' वर मी कधीच विसंबत नाही, श्वास मोजतो.

२००९ ला घराघरात ऑक्सिमीटर नव्हता, आता कोविडच्या कृपेने कपाटात पडलेला असतो, तो बाहेर काढा, सेल बदला. खोलीतल्या खोलीत थोडं चालवून परत बघा, बसल्यावर ९६ आणि चालल्यावर ९१ असेल तर तो माणूस ठीक नाही.

पुण्यातलं २००९ आठवतं तेव्हा मला याचंच वाईट वाटतं. ३ ऑगस्टला इथे १४ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला, देशातला पहिला, आणि शहराचा धीरच सुटला. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा बंद, थिएटर बंद, तोंडाला रुमाल, मास्कचा काळाबाजार, खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. टेस्ट एनआयव्हीत, म्हणजे इथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, औषध ठरावीक सरकारी ठिकाणीच. लोकांना दोष देत नाही, भीती खरी होती. पण त्या रांगेत नुसतं नाक वाहणारे शेकडो आणि त्यांच्यातच कुठेतरी पाचव्या दिवसाचा धाप लागलेला एखादा, तोही नंबर यायची वाट बघत उभा. पुढे केंद्राने ए, बी, सी अशी वर्गवारी केली ती म्हणून मला फार मोलाची वाटते. ए म्हणजे साधा ताप-खोकला, टेस्ट नको, टॅमीफ्लू नको, घरी थांबा आणि २४ ते ४८ तासांनी परत दाखवा. बी म्हणजे ताप जास्त, घसा फार दुखतोय, किंवा लक्षणं साधी पण पेशंट धोक्याच्या गटातला, लहान मूल, गरोदर, ६५ च्या पुढचा, मधुमेह, दमा, किडनी, हृदय, कॅन्सर, स्टेरॉइड चालू असलेला. त्याला टेस्ट न करता टॅमीफ्लू. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, बीपी उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी, किंवा मूल दूध-पाणी घेत नाही. ताबडतोब अ‍ॅडमिट, टेस्टही आणि औषधही, पण रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नाही. तुमचा भाऊ सहाव्या दिवशी सी मध्ये आला. चौथ्या दिवशी तो बहुतेक बी मध्ये असणार, पण आता त्याची उजळणी करून स्वतःला दोष देत बसू नका, त्याने काही हाती लागत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह असून औषध का चालू, हे तुम्ही विचारलंय आणि प्रश्न बरोबर आहे. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत घशातला व्हायरस बराच कमी झालेला असू शकतो आणि मुख्य मुक्काम खाली फुप्फुसात असतो, शिवाय स्वॅब नीट खोलवर घेतला गेला नाही, बर्फात नेला नाही, तरी निगेटिव्ह येतो. पाच-दहा मिनिटांत निकाल देणारी रॅपिड टेस्ट तर अजून कच्ची, कॅलिफोर्नियात ज्यांना पक्का स्वाइन फ्लू होता त्यांच्यातही तीनातल्या एकाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह होती. म्हणून साथीच्या दिवसांत चित्र जुळत असेल तर आम्ही रिपोर्टवर नाही, पेशंटवर उपचार करतो. नळी घालायची वेळ आली तर नळीतून खोल फुप्फुसातला नमुना घेऊन आरटीपीसीआर परत पाठवतात, तो जास्त भरवशाचा. तुमचे डॉक्टर टॅमीफ्लू चालू ठेवतायत ते योग्यच करतायत.

टॅमीफ्लू उशिरा सुरू केली तर फायदा असतो का? असतो, पण दर दिवशी घटत जातो. जगभरातल्या ३८ देशांमधल्या २९ हजारांवर अ‍ॅडमिट पेशंटची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास २०१४ ला आला, त्यात पहिल्या दोन दिवसांत औषध मिळालेल्यांमध्ये औषध न मिळालेल्यांपेक्षा मृत्यूची शक्यता जवळपास निम्मी दिसली, आणि उशीर झालेल्या प्रत्येक दिवसागणिक धोका वाढत गेलेला दिसला. अमेरिकेच्या त्या पहिल्या पेशंटमध्येही चांगल्या निकालाशी जुळणारी एकच गोष्ट ठळक निघाली, दोन दिवसांच्या आत औषध. याला प्रयोगाचा पुरावा म्हणता येत नाही, असे अभ्यास नुसत्या नोंदींवरून केलेले असतात, आणि काही तज्ज्ञ यावरून अजून वाद घालतात. पण ज्या आजारात दुसरं काही हातात नाही आणि औषधाने सहसा फार तर मळमळ-उलटी होते, तिथे मी वाद घालत बसत नाही, पहिला डोस देतो. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नेहमी पाच दिवस, गंभीर पेशंटला डॉक्टर लांबवतात. किडनीचं काम कमी असेल तर डोस कमी करावा लागतो, मुलांना वजनावर. डबल डोसचा काही नातेवाईक आग्रह धरतात, त्याने जास्त फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. पेशंट गिळू शकत नसेल तर कॅप्सूल उघडून नाकातल्या नळीतून देतात आणि औषध पोटातून नीट शोषलं जातं, त्यामुळे 'इंजेक्शन नाही म्हणजे उपचार नाही' असं समजू नका.

आता मशीनचं. तोंडावरच्या मास्कने जोर देऊन हवा देतात, त्याने काही पेशंट निभावतात. पण फ्लूच्या न्यूमोनियात याचा भरवसा कमी, आणि सगळ्यात वाईट काय तर मास्कवर पेशंट तासन् तास झगडतोय, थकतोय, आणि सगळे 'उद्या बघू' म्हणतायत. डॉक्टर नळी घालायचं म्हणाले तर नातेवाईकांना वाटतं संपलं सगळं. मी उलट सांगेन, वेळेत आणि तयारीनिशी घातलेली नळी ही पेशंटला विश्रांती असते, आणि दमून श्वास थांबायच्या बेताला घाईघाईने घातलेली नळी हा धोका. नळीनंतर खरी कारागिरी सुरू होते. अशा फुप्फुसात हवा घेणारा चांगला भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरलेला असतो, त्यात मोठ्या माणसाचा श्वास कोंबला तर तोही भाग फाटतो, म्हणून छोटे-छोटे श्वास, उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या किलोमागे ६ मिलिलिटरच्या आसपास, दाब ३० च्या आत. इथे प्रत्यक्ष वजन धरायचं नाही, आणि जाड पेशंटमध्ये नेमकी हीच गफलत होऊ शकते. ऑक्सिजन तरी चढत नसेल तर पेशंटला दिवसातले सोळा-एक तास पालथं झोपवतात. हे कोविडमुळे सगळ्यांना माहीत झालं, पण त्याचा फायदा पक्का झाला तो २०१३ मध्ये, २००९ ला आम्ही ते जपून, अगदीच गत्यंतर नसेल तेव्हा करायचो. आणि त्याने भागलं नाही तर एक्मो, म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनमध्ये ऑक्सिजन भरून परत आत. ऑस्ट्रेलियात २००९ ला अशा ६८ पेशंटपैकी बहुसंख्य वाचले, पण ती मोठ्या सेंटरची गोष्ट आहे, खर्च अफाट, आणि पेशंट फार उशिरा हलवला तर उपयोग नाही. त्यामुळे तुमच्या गावी सोय नसेल तर हलवायचं की नाही हा प्रश्न आजच विचारा, चार दिवसांनी नको.

स्टेरॉइडबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्यांना डेक्सामेथासोनने जीव वाचले, ते खरं. पण तीच सवय फ्लूला लावू नका. फ्लूच्या न्यूमोनियात स्टेरॉइड दिलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त आणि वरून होणारे जंतुसंसर्ग जास्त, असंच बहुतेक नोंदींमध्ये दिसलंय. आधीच जास्त आजारी असलेल्यांनाच ते दिलं जातं, त्यामुळे सगळा दोष औषधाचा नसेलही, पण फायदा दिसत नसताना ते सरसकट का द्यायचं? दमा उसळलाय, बीपी कशानेच टिकत नाहीये, अशा कारणासाठी डॉक्टर देत असतील तर ते वेगळं. कशासाठी देताय, एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

अजून एक गोष्ट असते, ती म्हणजे फ्लूच्या पाठोपाठ येणारा जिवाणूंचा न्यूमोनिया. २००९ ला अमेरिकेत दगावलेल्या ७७ जणांच्या फुप्फुसांची तपासणी केली तर २२ जणांमध्ये जिवाणू सापडले, सगळ्यात जास्त न्यूमोकोकस, मग स्टॅफसारखे. ओळखायची खूण अशी की पेशंट जरा सुधारतो, ताप उतरतो, आणि दोन-तीन दिवसांनी परत ताप, घट्ट पिवळा किंवा रक्ताळलेला कफ. म्हणून सुरुवातीला अँटिबायोटिक देतात, व्हायरसवर ते चालत नाही हे डॉक्टरांनाही माहीत असतं. पण कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, निगेटिव्ह आल्यावर, पेशंट सुधारल्यावर ते बंद व्हायला पाहिजे, नाहीतर आयसीयूतल्या हट्टी जंतूंना आपणच आवतण देतो.

फुप्फुस सोडून बाकीचं थोडक्यात. काही पेशंटमध्ये स्नायू इतके सुजतात की रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारा आकडा, हजारोंत जातं आणि लघवी चहाच्या रंगाची होऊन किडनीवर भार येतो, काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, मुलांमध्ये क्वचित मेंदूला सूज येऊन फिट येतात. आणि फ्लूच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन कधीही नाही.

तर उद्या राउंडला डॉक्टर भेटले की हे विचारा, आणि शांतपणे विचारा, ते पण थकलेले असतात. काल आणि आज ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतोय, वाढतोय की कमी होतोय? एका वेळच्या सॅच्युरेशनच्या आकड्यापेक्षा या उत्तराचा कल जास्त सांगतो, कारण ९५ सॅच्युरेशन ४० टक्के ऑक्सिजनवर आहे की ९० टक्क्यांवर आहे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग श्वासाचा वेग, लघवी किती होतेय, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा), बीपीसाठी औषध लागतंय का. मास्कवर किती वेळ बघणार आणि कुठल्या टप्प्याला नळी घालणार हे ठरलंय का. पालथं झोपवायची आणि गरज पडली तर एक्मो सेंटरशी बोलायची सोय आहे का. स्वॅब परत पाठवणार का. बस, एवढं पुरे. रोज नवा डॉक्टर, नवं मत, व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट चार जणांना, याने इलाज सुधारत नाही, निर्णय मात्र लांबतात.

तो बाहेर आला तर पुढे काय, तेही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही आणि लोक घरी आल्यावर घाबरतात. ऑस्ट्रेलियात व्हेंटिलेटरवरचे दिवस साधारण आठ होते, आपल्याकडे मी दोन-तीन आठवडे लागलेले पेशंटही बघितलेत आणि ते चालत घरी गेलेत. घरी गेल्यावर जिना चढताना धाप, हातापायांत जोर नाही, केस गळणं, रात्री दचकून जागं होणं, कधी चिडचिड तर कधी नुसतं गप्प बसणं, हे काही महिने चालतं. सिटी स्कॅनवर डाग दिसतात आणि रिपोर्टवर 'फायब्रोसिस', म्हणजे फुप्फुसातले व्रण, हा शब्द बघून घरचे हादरतात, पण तरुण माणसात त्यातला बराच भाग पुढच्या सहा महिने-वर्षभरात निवळतो, फुप्फुसाची ताकद बऱ्यापैकी परत येते. रोज थोडं चालणं, श्वासाचे व्यायाम, प्रथिनं पोटात जाणं, आणि कामावर जायची घाई न करणं.

लसीचं विचारलं नाहीत पण सांगतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचं जाहीर केलं, पण व्हायरस गेला नाही, दरवर्षी आपल्याकडे पावसाळ्यात आणि परत जानेवारी ते मार्चमध्ये डोकं वर काढतो आणि नेहमीच्या फ्लूच्या लसीत त्याचा समावेश असतो. लस दरवर्षी घ्यावी लागते, असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाच्या तोंडावर घ्यायची. लागण शंभर टक्के टळत नाही, पण आयसीयूची वेळ येण्याचं प्रमाण कमी होतं, आणि मी आयसीयूवाला असल्याने मला तेवढं पुरेसं आहे. भावाला बरं झाल्यावर पुढच्या हंगामाआधी द्या.

आणि शेवटचं, जे आजच करायचं. तुम्ही लिहिलंय की आई ६८ वर्षांची आहे, मधुमेह आहे, पाच दिवस तीच भावाच्या उशाशी बसून होती आणि कालपासून तिचा घसा खवखवतोय. तिला स्वॅबच्या रांगेत उभं करू नका आणि तापाची वाट पण बघू नका, ती बी गटातली आहे. आजच तुमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन करून भावाची केस सांगा, टॅमीफ्लूची चिठ्ठी घ्या, आईचं शेवटचं क्रिएटिनिन किती होतं ते जुन्या फाइलमधून काढून त्यांना सांगा म्हणजे डोस ठरवता येईल, शुगर दिवसातून दोनदा बघा कारण तापात ती चढते, आणि सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर आणि श्वास एका वहीत लिहून ठेवा. ९४ च्या खाली किंवा श्वास २४ च्या वर गेले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घेऊन निघा.